एका लाइनवर लीन जमलं, पण अख्ख्या कंपनीत न्यायचं तर सुरुवात कुठून करायची?

नियोजन_विभाग (प्रश्न)

शीट मेटलच्या जोडण्या बनवणारा कारखाना आहे. 300 माणसं, दोन शिफ्ट. मालाचा क्रम: प्रेस, वेल्डिंग, पेंट, असेंब्ली, डिस्पॅच. गेली दोन वर्षं वेल्डिंगवर लीनचं, म्हणजे वाया जाणारा वेळ, जागा आणि साठा कमी करण्याचं, काम चालू आहे. फाइव्ह एस (आवराआवर, प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी) झालं, सेल (एकत्र काम करणारी मशीनं आणि माणसं) यू आकारात मांडले, एका नगाचं वेल्डिंग 40 मिनिटांवरून 30 वर आलं, बरीच जागाही मोकळी झाली. पण ग्राहकाला ऑर्डरपासून माल हातात पडायला पाच आठवडे लागत होते, ते आजही पाचच लागतात.

आता वरून ठरलंय की बारा महिन्यांत सगळी कंपनी लीन करायची. आराखडा असा: नऊ विभाग, प्रत्येकाने फाइव्ह एस पूर्ण करायचं आणि महिन्याला दोन कायझेन (छोट्या सुधारणा) दाखवायचे. मला शंका आहे की याने तक्ते भरतील आणि पाच आठवडे तसेच राहतील.

शिवाय प्रत्येक विभागाचं काही ना काही म्हणणं आहे. लेखा विभाग म्हणतो साठा कमी केला की नफा घटलेला दिसतो. पर्चेस म्हणतं मोठा लॉट नाही घेतला तर दर वाढतो. सेल्सचा निम्मा माल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जातो. आणि ऑफिसमधले म्हणतात, आम्ही काही बनवतच नाही, आमचा काय संबंध?

विचारायचं हे: पहिलं पाऊल कुठे टाकायचं, मोजायचं काय, आणि पूर्ण वेळ किती माणसं लावायची?

व्हॅल्यू_स्ट्रीम

तुमची शंका बरोबर आहे. कंपनी विभागांत वाटून लीन करायला घेतली की प्रत्येक विभाग आपापलं अंगण झाडतो आणि माल दोन अंगणांच्या मध्ये पडून राहतो. तुमचे पाच आठवडे तिथेच आहेत. वेल्डिंगमध्ये एका नगामागे 10 मिनिटं वाचली हे चांगलंच झालं, पण पाच आठवड्यांतून 10 मिनिटं गेल्याचं ग्राहकाला कसं कळणार?

नऊ विभागांऐवजी एक उत्पादन-कुटुंब निवडा. कागदावर उभ्या ओळींत सगळे पार्ट आणि आडव्या रांगेत सगळ्या प्रक्रिया लिहा, कोणता पार्ट कुठून जातो तिथे फुली मारा. ज्यांच्या फुल्या साधारण सारख्या पडतात ते एक कुटुंब. त्यातलं मागणी स्थिर असलेलं आणि उलाढालीत वजन असलेलं एक घ्या.

मग त्याची व्हॅल्यू स्ट्रीम, म्हणजे मालाच्या सगळ्या प्रवासाचा नकाशा, चालत जाऊन काढा. पेन्सिल, मोठा कागद, स्टॉपवॉच. सुरुवात डिस्पॅचपासून, आणि तिथून उलटं मागे, कारण ग्राहक त्या टोकाला उभा आहे. प्रत्येक ठिकाणी इतकंच लिहायचं: एका नगाचा सायकल टाइम, सेटिंगचा वेळ, मशीन खरोखर चालू असण्याचं प्रमाण, लॉटचा आकार, माणसं, आणि दोन प्रक्रियांमध्ये आत्ता पडलेले नग. हे नग स्वतः मोजायचे. ईआरपीतला (कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला) आकडा घेतलात तर नकाशा पहिल्याच दिवशी चुकतो.

मोजलेल्या नगांवरून दिवस काढणं सोपं आहे, लिटलचा नियम: पडलेला माल भागिले रोजची मागणी. समजा रोज 400 संच जातात आणि प्रेस व वेल्डिंगच्या मध्ये 6,000 संचांचा माल आहे, तर नवीन आलेला तुकडा रांगेत 15 दिवस उभा राहणार. तुम्ही वेल्डिंग कितीही वेगवान करा, ते 15 दिवस हलत नाहीत. उलट प्रेस अजून जोरात चालवलात तर 16 होतील.

आणि नकाशा प्रेसपाशी थांबवू नका. ऑर्डर आल्यापासून ती शॉपफ्लोअरवर उतरेपर्यंतचा कागदाचा प्रवासही त्याच कागदावर यायला हवा. बहुतेक ठिकाणी तो भाग मशीनवरच्या वेळेपेक्षा कितीतरी लांब निघतो, आणि ऑफिसचा संबंध काय या प्रश्नाचं उत्तर तिथे दिवसांत लिहिलेलं दिसतं.

भविष्यातल्या नकाशासाठी पहिला आकडा टॅक्ट, म्हणजे मागणी पुरवायला दर किती वेळाने एक संच निघायला हवा. दोन शिफ्टचे 960 मिनिटं, त्यातून विश्रांतीचे 60 वजा, राहिले 900. भागिले 400 म्हणजे 2.25 मिनिटं, 135 सेकंद. पेंटनंतरच्या कामांपैकी कोणत्या टप्प्याचं काम 135 सेकंदांच्या वर जातं ते आधी सोडवा, मग बाकीचं. वेळापत्रक एकाच ठिकाणी द्यायचं, तुमच्याकडे बहुधा असेंब्लीला. मागच्यांना छापील प्लॅन द्यायचा नाही, कार्डं द्यायची: पुढच्याने माल वापरला की त्याचं कार्ड मागे येतं आणि तेवढाच माल बनवायचा. यालाच कानबान म्हणतात.

बारा महिन्यांबद्दल एवढंच सांगतो. टोयोटात ताइची ओनो यांनी हे काम 1940च्या दशकाच्या अखेरीस एका मशीन शॉपमध्ये सुरू केलं, आणि कानबान सगळ्या कंपनीत पोचायला 1962 उजाडलं. तुम्हाला तेवढा काळ लागणार नाही, कारण वाट तयार आहे. पण बारा महिन्यांत एक कुटुंब ऑर्डरपासून डिस्पॅचपर्यंत नीट वाहतं झालं तर ते वर्ष सार्थकी लागलं असं समजा.

टूलरूम

वरच्या उत्तराला प्रेसची बाजू जोडतो, कारण प्रेसवर मोठे लॉट चालतात म्हणून ते 15 दिवस साचतात. आणि मोठे लॉट का चालतात, तर सेटिंगला, म्हणजे डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला, वेळ लागतो म्हणून. हिशोब करून पाहा.

प्रेसला रोज 900 मिनिटं. सहा डाय, प्रत्येकीचे रोज 400 तुकडे, म्हणजे 2,400 तुकडे. 16 सेकंदांना एक धरला तर 640 मिनिटं. ब्रेकडाउन आणि बारीकसारीक थांबे 80 मिनिटं. उरली 180. सेटिंग 90 मिनिटांचं असेल तर दिवसात दोनच डाय बदलता येतात, सहा डायचं चक्र तीन दिवसांनी पूर्ण होतं, आणि म्हणून प्रत्येक पार्टचा निदान तीन दिवसांचा लॉट काढावाच लागतो. सेटिंग 30 मिनिटांवर आणलं की त्याच 180 मिनिटांत सहा डाय बदलतात आणि प्रत्येक पार्ट रोज निघतो.

90 मिनिटांत काय काय दडलेलं असतं ते व्हिडिओ काढून बघा. साधारण अशी फोड निघते: डाय शोधणं, फोर्कलिफ्टची वाट, क्लॅम्प आणि पाने गोळा करणं 28 मिनिटं. जुनी डाय काढून नवी बसवणं 17. उंची आणि स्टॉपर जुळवत चाचणीचे तुकडे काढणं 25. पहिल्या नगाच्या मंजुरीसाठी इन्स्पेक्टरची वाट 20.

पहिली 28 मिनिटं प्रेस चालू असतानाच उरकायची. पुढची डाय, तिचे क्लॅम्प, बोल्ट, पाना आणि गेज एका ट्रॉलीवर, आधीचा लॉट संपायच्या अर्धा तास आधी प्रेसशेजारी. सेटिंगच्या वेळेला फोर्कलिफ्टने दुसरं काम घ्यायचं नाही. 17 ची 12 होतात ती क्लॅम्पच्या जागेची जाडी सगळ्या डायना एकसारखी केल्याने, कारण मग क्लॅम्पखाली पट्ट्या लावत बसावं लागत नाही. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, यू खाचेतून सरकवायचा आणि शेवटचा एक आटा आवळायचा.

सगळ्यात मोठी बचत 25 मिनिटांच्या जुळवणीत आहे. सर्वांत उंच डायएवढी उंची सगळ्यांची करायची, खाली ग्राइंड केलेल्या समांतर प्लेटा कायमच्या बसवून. म्हणजे रॅमची (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाची) उंची बदलावीच लागत नाही. प्लेट लावण्याआधी प्रेसची शट हाइट (रॅम खाली आल्यावर डायला उरणारी उंची) आणि तुकडा भरण्याची उंची तपासा, आणि प्लेट समांतर नसेल तर डायची धार एका बाजूने बसते, तेही बघा. बेडवर दोन लोकेटिंग पिन आणि डायला त्याची भोकं केली की मागेपुढे ठोकाठोक संपते. 25 ची 8.

मंजुरीच्या 20 मिनिटांना हत्यार नाही, अधिकार लागतो. पार्टचं गो-नो-गो गेज (नग मापात आहे की नाही एवढंच सांगणारं) आणि मान्य केलेला नमुना प्रेसवर टांगा, ऑपरेटरला मोजायला शिकवा, पहिला नग पास करण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. इन्स्पेक्टरने नंतर येऊन खातरजमा करावी. 10 मिनिटं धरली तरी 12, 8 आणि 10 मिळून 30 झाले.

आता ज्या चुकीने हे सगळं वाया जातं ती. सेटिंगमध्ये रोज 120 मिनिटं वाचली की सुपरवायझर ती जास्त तुकडे काढायला वापरतो. ती वेळ जास्त वेळा डाय बदलण्यासाठी आहे. आणि दुसरी: ईआरपीतला लॉटचा आकडा कोणी बदलत नाही. शॉपफ्लोअरवर सेटिंग 30 मिनिटांचं झालेलं असतं आणि सिस्टिम 90 मिनिटांच्या काळातले लॉट मागत राहते. सेटिंगची पाटी बदलली त्याच दिवशी नियोजनाने लॉट मास्टर, म्हणजे सिस्टिममधला हा आकडा, बदलायचा.

कार्डांचा हिशोबही इथेच सांगतो. कार्डं = रोजची मागणी × भरून यायचे दिवस × सुरक्षितता ÷ बिनमधले (मालाच्या डब्यातले) नग. भरून यायला चक्राचे दिवस आणि कार्ड गोळा करून माल पोचवायचा एक दिवस. 25 टक्के सुरक्षितता, बिन 50 नगांचा. आधी 400 × 4 × 1.25 ÷ 50 = 40 कार्डं. सेटिंग कमी झाल्यावर 400 × 2 × 1.25 ÷ 50 = 20. म्हणजे एका पार्टचे 2,000 नग होते तिथे 1,000 पुरतात. उरलेली 20 कार्डं एकदम काढू नका. आठवड्याला दोन-तीन काढा, लाइन कुठे अडते ते बघा, ते कारण सोडवा, मग पुढची काढा.

लेखा_आणि_खर्च

लेखा विभागाचं म्हणणं उडवून लावू नका, ते आकड्याने खरं आहे. साठा कमी होतो त्या महिन्यात नफा घटलेला दिसतोच, आणि व्यवस्थापनाला आधी सांगितलं नसेल तर नेमकं तिथे लीनचं काम बंद पडतं.

उदाहरण. महिन्याचा स्थिर खर्च 10,00,000. दरमहा 10,000 नग बनतात आणि तेवढेच विकले जातात, म्हणजे नगामागे 100 स्थिर खर्च चढतो. आता ठरवून साठ्यातले 2,000 नग संपवले: बनवले 8,000, विकले 10,000. या महिन्याचे 10,00,000 त्या 8,000 नगांवर चढून ते विकले गेले. शिवाय जुन्या साठ्यातले 2,000 नग आपल्याबरोबर मागच्या महिन्यांचे 2,00,000 घेऊन बाहेर पडले. नफ्यातून 12,00,000 वजा झाले. प्रत्यक्ष खिशातून 10,00,000 च गेले, उलट 2,000 नगांचा कच्चा माल घ्यावा लागला नाही म्हणून रोख वाढली. पण छापील नफा 2,00,000 ने कमी.

उपाय अवघड नाही, वेळेवर करायचा असतो. साठा उतरवण्याच्या आधीच्या महिन्यात हे उदाहरण तुमच्या आकड्यांनी मांडा आणि किती महिने, किती रकमेचा परिणाम दिसेल ते लिहून द्या. मासिक पत्रकात "साठ्यातील बदलाचा परिणाम" अशी वेगळी ओळ घाला. वैधानिक हिशोब जसा आहे तसाच राहतो, फक्त आतल्या पत्रकात ती ओळ वेगळी दिसते. साठा स्थिरावला की हा परिणाम आपोआप थांबतो.

दुसरं, मशीन वापराची टक्केवारी आणि कामगार-तास कार्यक्षमता हे अहवाल त्या कुटुंबापुरते बंद करा. ते चालू आहेत तोवर प्रेसचा सुपरवायझर कार्ड नसतानाही तुकडे काढणार, कारण मशीन थांबलं की त्याचा आकडा पडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याऐवजी त्या कुटुंबाचं एक पानी साप्ताहिक पत्रक: वेळेवर गेलेला माल, पहिल्याच फेरीत पास झालेले नग, ऑर्डर ते डिस्पॅच दिवस, साठ्याचे दिवस, आणि कुटुंबाचा सगळा प्रत्यक्ष खर्च भागिले गेलेले नग.

पर्चेसचंही असंच. त्यांचं मूल्यमापन प्रमाण दराच्या तुलनेत खरेदी दर किती खाली आला यावर असेल तर ते सहा महिन्यांचा पत्रा एकदम आणणारच. दर आणि खेप या दोन गोष्टी वेगळ्या करा: वर्षाच्या एकूण प्रमाणावर दर ठरवायचा, उचल आठवड्याला किंवा रोज. पुरवठादाराला वर्षाचा आकडा मिळतो म्हणून दर टिकतो. वाहतूक वाढेल असं वाटत असेल तर एका वाटेवरच्या चार पुरवठादारांकडून एकच गाडी ठरलेल्या वेळी फिरवा. मापात दराबरोबर रिजेक्शन, उशीर आणि साठवणुकीचा खर्च धरा. आणि पहिल्या कुटुंबाला लागणाऱ्या दहा-बारा वस्तूंवरच हे करा, अख्खी यादी हाती घेऊ नका.

नियोजन_विभाग

खूप उपयोगी. सेटिंगची फोड जवळपास आमचीच आहे, मंजुरीची वाट तर तंतोतंत. दोन गोष्टी राहिल्या. ऑफिसमधली प्रक्रिया मोजायची कशी, तिथे मोजायला नग नसतो. आणि महिनाअखेरच्या गर्दीचं काय?

ऑर्डर_डेस्क

ऑफिसमधला नग म्हणजे एक ऑर्डर, एक कोटेशन, एक ड्रॉइंग बदल. त्याच्यावर तारीख-वेळेचा कागद चिकटवा आणि प्रत्येक टेबलावर "आला" आणि "गेला" लिहायला लावा. वीस ऑर्डरी अशा सोडल्या की पुरे. प्रत्यक्ष काम झालेला वेळ मिनिटांत आणि पडून असलेला वेळ दिवसांत निघतो.

त्याहून महत्त्वाचं माप म्हणजे पुढच्या टेबलाला कागद पूर्ण आणि बिनचूक मिळाला का. आकडा पुढच्याला विचारायचा, पाठवणाऱ्याला नाही. पाच टेबलं, प्रत्येकाचं प्रमाण 90 टक्के, ऐकायला ठीक वाटतं. पण 0.9 पाच वेळा गुणलं की 0.59 येतं. शंभरातल्या 41 ऑर्डरी कुठे ना कुठे मागे फिरतात. दोन आठवडे फक्त एवढी नोंद ठेवा: कागद का परत आला, कोणता रकाना रिकामा होता. बहुधा दोन-तीन रकान्यांतच सगळं साचलेलं सापडतं: पेंटची छटा, ड्रॉइंगची आवृत्ती, पॅकिंगची पद्धत. ते रकाने भरल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकणारच नाही असं करा आणि सेल्सच्या माणसाला ग्राहकाकडे बसल्या बसल्या भरता येतील असे पर्याय छापून द्या.

सह्या हा ऑफिसमधला लॉट. सोमवार आणि गुरुवारी सही होत असेल तर कागद सरासरी पावणेदोन दिवस नुसता थांबतो. अशा तीन सह्या एकामागून एक असल्या की हिशोब तुम्हीच करा. रोज ठरलेल्या वेळी 15 मिनिटं उभ्याने सह्या, आणि एका मर्यादेखाली सही लागूच नये.

डिझाइन किंवा कोटेशनवाल्यांचा ताण हा वेगळा विषय आहे. कामं अनियमित येतात तिथे माणूस 80 टक्के भरलेला असेल तर नवीन कामाला साधारण चार कामांच्या वेळेएवढं थांबावं लागतं, 90 टक्क्यांना नऊ, 95 टक्क्यांना एकोणीस. कोटेशनला दोन तास लागत असतील तर 95 टक्क्यांवर ते 38 तास रांगेत. तरी व्यवस्थापनाला तो माणूस 100 टक्के गुंतलेला हवा असतो. तिथे थोडी मोकळीक ठेवणं हा आळस नाही, रांग कमी ठेवायचा तो एकमेव स्वस्त मार्ग आहे.

महिनाअखेर. 20 दिवस, 8,000 नग, आणि 45 टक्के माल शेवटच्या पाच दिवसांत, असं धरू. पहिले 15 दिवस रोज 293, शेवटचे पाच दिवस रोज 720. टॅक्ट 400 वर बांधलेली लाइन तीन आठवडे रिकामी आणि एक आठवडा ओव्हरटाइमवर. यातली बरीच गर्दी ग्राहकाची नसते, सेल्सच्या महिन्याच्या टार्गेटची आणि शेवटच्या दिवसांत दिलेल्या सवलतीची असते. ग्राहकाची माल वापरायची गती काढून बघा, ती बहुतेक सपाट निघते. टार्गेट आठवड्यांत वाटा, किंवा सेल्सच्या माणसांच्या महिन्याच्या शेवटच्या तारखा वेगवेगळ्या ठेवा, आणि महिनाअखेरची सवलत बंद करा. उरलेला चढउतार झेलायला दोन-तीन दिवसांचा तयार माल मुद्दाम ठेवायचा आणि असेंब्लीला रोज तोच आकडा, तेच मिश्रण द्यायचं. असमान मागणी तशीच खाली सोडली तर कार्डांची संख्या शिखरावर धरावी लागते आणि साठा होता तिथेच येतो.

फोरमन

माणसांबद्दल कोणी लिहिलं नाही.

काम सुरू करण्याआधी एक कागद निघायला हवा: सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही. लेखी, वरिष्ठांच्या सहीने. पहिल्या सेलमधून दोन माणसं मोकळी झाली आणि महिन्याने ती घरी गेली, तर तिसरी सूचना कोणीही देणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मोकळी होणारी माणसंही सेलमधली सर्वांत हुशार निवडा. त्यांना सेटिंगच्या टीममध्ये, फिक्स्चर बनवायला, पुढच्या कुटुंबाच्या मोजणीला लावा. नावडतं माणूस बाहेर काढलं की सगळ्यांना कळतं मोकळं होणं म्हणजे शिक्षा.

नगावर पैसे देण्याची पद्धत असेल तर एका-एका नगाने माल पुढे सरकवणं चालणारच नाही. प्रत्येक जण आपला ढीग करणार, कारण त्याची कमाई ढिगात आहे. आधी ठरलेला पगार आणि सेलच्या एकूण चांगल्या मालावर सामायिक बक्षीस, कोणाचीही सध्याची कमाई कमी न होता.

महिन्याला दोन कायझेन हे टार्गेट काढून टाका. 28 तारखेला पाट्या रंगवल्या जातात.

लाइनवर अडचण आली म्हणून कामगाराने दोरी ओढून लाल दिवा लावला की कोण किती वेळात येणार ते ठरलेलं हवं. 135 सेकंदांच्या टॅक्टला टीम लीडर दोन मिनिटांत पोचलाच पाहिजे, म्हणजे त्याच्याकडे पाच-सहा माणसांपेक्षा जास्त नकोत आणि त्याला स्वतःला लाइनवर कायमची जागा नको. वीस माणसांमागे एक सुपरवायझर ठेवून दिवे बसवले तर आठवड्याभरात कोणी दोरी ओढत नाही.

व्हॅल्यू_स्ट्रीम

फोरमनशी पूर्ण सहमत, विशेषतः टीम लीडरबद्दल. तिथे माणसं वाचवायला जाणं महागात पडतं.

किती माणसं हा प्रश्न राहिला होता. 300 माणसांना तीन पूर्ण वेळ, शंभरामागे एक. त्यातलं एक उत्पादनातून, एक नियोजन किंवा ऑफिसमधून, एक मेंटेनन्स किंवा टूलरूममधून. अठरा महिन्यांनी त्यांनी लाइनवर सुपरवायझर म्हणून परतायचं आणि नवीन तीन यायचे. लीन विभाग नावाचं दहावं खातं कायमचं उभं राहिलं की बाकी नऊ खाती म्हणतात, ते त्यांचं काम आहे. शिवाय त्या कुटुंबाला ऑर्डरपासून डिस्पॅचपर्यंतचा एक जबाबदार माणूस नेमा, नऊ विभागांच्या सीमा ओलांडायचा अधिकार असलेला. तो नसेल तर नकाशा भिंतीवर लटकून राहतो.

रोजची लय अशी बसवा. शिफ्टच्या सुरुवातीला सेलच्या बोर्डपाशी उभ्याने दहा मिनिटं: कालची सुरक्षितता, दर्जा, डिलिव्हरी, आणि आज कोण गैरहजर. तिथे न सुटलेलं तासाभरात विभागप्रमुखांच्या बोर्डवर, पंधरा मिनिटं. तिथेही न सुटलेलं आणखी तासाभरात कारखानाप्रमुखांसमोर, आणि तिथे पर्चेस, लेखा, सेल्स, एचआर सगळे उभे असायला हवेत. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: अडचण, नाव, तारीख. तारीख उलटली की ओळ लाल. सकाळी सहाला वेल्डिंगवर लागलेला प्रश्न नऊच्या आत वर पोचला पाहिजे. बोर्ड केबिनमध्ये नको, आणि संगणकावर तर सुरुवातीला नकोच, हाताने लिहिलेला आकडा लिहिणाऱ्याला लक्षात राहतो.

वर्षाची उद्दिष्टं तीनच ठेवा. तुमच्यासाठी: ऑर्डर ते डिस्पॅच 35 दिवसांवरून 15, पहिल्या फेरीतला पास दर, वेळेवर डिलिव्हरी. प्रत्येक विभागाने याला आपण काय देणार ते लिहून वर पाठवायचं, वरून प्रश्न विचारून परत खाली, दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत. पर्चेसने लिहिलं "दर 5 टक्के कमी" तर परत पाठवा, कारण त्याने 35 चे 15 होत नाहीत. पत्र्याची उचल मासिकवरून साप्ताहिक केली तर होतात.

नियोजन_विभाग

मोठे साहेब हेच विचारणार: एका कुटुंबावर काम चालू असताना बाकीचे विभाग वर्षभर काय करणार?

व्हॅल्यू_स्ट्रीम

त्यांना सांगा, नऊही विभाग पहिल्या महिन्यापासून आत आहेत, फक्त एका वाटेवर. पर्चेसकडे दहा-बारा वस्तू. लेख्याकडे एक साप्ताहिक पत्रक आणि साठ्याची वेगळी ओळ. एचआरकडे नोकरीच्या हमीचा कागद आणि टीम लीडरची पदं. सेल्सकडे टार्गेटच्या तारखा. डिझाइनकडे सहा डायच्या पार्टची ड्रॉइंग आवृत्ती पक्की करणं. मेंटेनन्सकडे फक्त त्या प्रेसचे 80 मिनिटांचे थांबे. क्वालिटीकडे गेज आणि ऑपरेटरचं प्रशिक्षण. स्टोअर्सकडे ठरलेल्या वेळेला बिन फिरवणारा माणूस. आणि नियोजन, म्हणजे तुम्ही, कार्डं, लॉट मास्टर आणि असेंब्लीचा सपाट प्लॅन.

महिन्यांचा अंदाज हवा तर: पहिला महिना कुटुंब निवडणं, मोजणी, नकाशा आणि वरचे कागद. दुसरा ते चौथा सेटिंग, गेज, ऑर्डर डेस्कचे रिकामे रकाने. पाचव्याला प्रेस ते वेल्डिंग कार्डं. कार्डं सेटिंगच्या आधी सुरू केलीत तर 40 कार्डांचा साठा तुम्ही कायमचा पक्का कराल. सहावा ते आठवा पेंट आणि असेंब्लीपर्यंत साखळी, सेल्सच्या तारखा. नवव्यापासून पुरवठादारांची उचल. पेंटच्या रंगबदलाला प्रेसइतकाच वेळ द्यावा लागेल, तिथे नोझल धुण्याचा आणि रंगांच्या क्रमाचा प्रश्न असतो, फिक्याकडून गडदकडे.

दुसरं कुटुंब कधी घ्यायचं याची खूण: रोज सकाळी कार्डं मोजून सलग आठ आठवडे पूर्ण भरली, एकही जास्त किंवा कमी नाही, आणि ती मोजणी लीनच्या माणसाने केलेली नाही, सेलच्या टीम लीडरने केली. कमी भरली तर कार्डं खिशात किंवा बिनच्या तळाशी हरवताहेत, जास्त भरली तर कोणीतरी फोटोकॉपी काढली आहे. दोन्हींचं कारण त्याच दिवशी बोर्डवर लिहा.

टूलरूम

एक छोटी गोष्ट. बिनमध्ये 50 म्हणजे 50 च. आत खाचा किंवा पार्टिशन असं करा की 51वा तुकडा मावणारच नाही आणि 49 असले तर रिकामी जागा लांबून दिसेल. नग कमी-जास्त भरलेल्या बिनला कार्ड लावलं की वरचा सगळा हिशोब कोसळतो, आणि तो का कोसळला हे शोधण्यात आठवडे जातात.